आठ हजार वेढे

सहाशे अठ्ठेचाळीस मिलिमीटर.
त्याला सतरा पॉइंट आठ एक सातनं भागायचं,
येईल तिथं पहिली पट्टी.
उरेल त्याला परत भागायचं.
असं बावीस वेळा.
उद्यमबागेत दिवसभर पंपाचे शाफ्ट कातणाऱ्याला
यात अवघड काही नाही.
व्हर्नियर माझा, चुकलं तर चूकही माझीच.

लाकडाचं मात्र वेगळं झालं.
खानापूरच्या वखारीत शिवण मागितलं.
मालक म्हणाला, दाराला?
म्हटलं, गिटारला.
त्यानं भाव दाराचाच सांगितला.

मग वडगावात, आमच्याच गल्लीत,
गौरव्वाच्या परसात दोन खांब दिसले.
सागवानी, नवऱ्याच्या हातमागाचे.
माग निघाला त्याला नऊ वर्षं झाली.
एका खांबाला ती कपडे वाळत घालायची,
दुसरा मला दिला.
पैसे घेतले नाहीत,
खरं, करवत लागताना बघायलाही आली नाही.

तीन फळ्या निघाल्या, सरसानं जोडल्या.
एका जागी जुन्या खिळ्याचं भोक होतं,
तेच मोठं करून आवाजाची खुंटी तिथं बसवली.

तांब्याची तार केसाहून बारीक.
लोहचुंबकाभोवती तिचे आठ हजार वेढे.
शिलाई मशीनच्या मोटरवर गुंडाळायला घेतली,
तेराशेला तुटली.
दुसऱ्यांदा चार हजार दोनशेला.
तिसऱ्यांदा मी शिवी घातली, मराठीत.
भिंतीपलीकडे गौरव्वाला ती पूर्ण समजली.

आली ती कांड्या भरायचा रहाट काखेत घेऊनच.
फरशीवर बसली, चष्मा कपाळावर सारला,
तार चिमटीत धरली नाडी बघितल्यासारखी,
आणि म्हणाली, निधान.

तिच्या भाषेत, सावकाश.
माझ्या भाषेत, जमिनीत पुरलेलं धन.
चाळीस वर्षं मी या गल्लीत राहतो.
पाट्यांवरनं झालेली भांडणं बघितली,
पाट्यांवर डांबर बघितलं,
एकदा कोपऱ्यावर दगडही खाल्ला,
कुणाचा ते अजून माहीत नाही.
हा शब्द मात्र
कधी असा कानावर पडला नव्हता.

मी वेढे मोजत होतो.
'कशाला मोजूलास?' ती म्हणाली,
'बोटाला कळतंय की.'
सात हजार नऊशेला मी थांबवलं.
तिनं आणखी थोडे घातले.
किती, ते तिच्या बोटालाच माहीत.

रविवारी करंट गेला तो चारला आला.
गणपती मंडळाचा जुना अँप्लिफायर आणला होता,
ज्यातनं वर्षानुवर्षं
हरवलेली मुलं आणि सापडलेल्या चपला पुकारल्या.
मला वाजवता येत नाही,
हे खरं म्हणजे आधी सांगायला हवं होतं.
वाजवणार भाचा, धारवाडहून शनिवारी आला की.
मी नुसती जाड तार छेडली.
गल्लीतली कुत्री उठून बसली.

एक काम राहिलं होतं.
गुंडाळी वितळलेल्या मेणात बुडवून काढायची असते,
नाहीतर तारांबरोबर लाकडाचंही ऐकू येतं.
तो दोष धरतात.
मेण स्टोव्हवर होतं, वाटीत, अर्धं वितळलेलं.

गौरव्वा जवळ आली.
तिनं तारांना हात लावला नाही.
बोटाच्या पेरानं लाकडावर ठोकलं,
खांब कसा आतून शाबूत आहे का बघतात, तसं.
भोंग्यातनं आलं, खट्.
हात मागे घेतला. पुन्हा ठोकलं.
खट्. खट्.

'मग्ग,' ती म्हणाली.

मला वाटलं, विचारतेय : मग? पुढं काय?
मी पुढचं सांगायला लागलो,
मेण, पॉलिश, भाचा, शनिवार.
ती ऐकत नव्हती.
ती मागाला माग म्हणाली होती, इतकंच.
खट्, थोडं थांबून खट्,
आणि फरशीवर तिचा डावा पाय
तिथं नसलेली पावडी दाबत होता.

मी स्टोव्ह बंद केला.
मेण वाटीतच गोठू दिलं.